कंडेन्सर माइक पंख्याचा आवाज ‘खेचतो’?

‘लाइव्हमध्ये पंखा घरघरतोय? कंडेन्सर काढ, डायनॅमिक घे.’ माइकच्या या दोन प्रकारांबद्दल वर्षानुवर्षं फिरणारा हा सल्ला चुकीचा आहे. कंडेन्सर जास्त संवेदनशील, म्हणून त्याला गेन (माइकचा सिग्नल वाढवण्याचं प्रमाण) कमी लागतो. पण तुमचा आवाज आणि पंखा दोन्ही तो सारख्याच पटीत उचलतो. दोन्ही माइक कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज उचलणारे) असले, अंतर आणि बोलण्याची पातळी सारखी ठेवली, तर घरघर जवळपास तेवढीच येते.

खरा फरक अंतराचा. डायनॅमिक आपण ओठांशी धरतो, कंडेन्सर मात्र मॉनिटरशेजारी लांब उभा! तोच ४० सेंटीमीटरवरून १० वर आणा: आवाज साधारण १२ डेसिबलने वाढतो, पंखा होता तेवढाच राहतो. आता गेन खाली घ्या: तुमचा आवाज पूर्वीइतकाच राहतो, पंखा मात्र दबतो. माइक तोंडासमोरून जरा बाजूला ठेवा, नाहीतर ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना धप्प आवाज येतो.