टेबल सॉ (जुनी, लहान)

टेबल सॉ : लाकूड कापण्याचे स्थिर यंत्र. सपाट मेजाच्या फटीतून गोल, दातेरी पाते वर आलेले असते, ते विजेच्या मोटरवर फिरते आणि लाकूड हाताने सरकवत त्याच्यावर न्यायचे असते. हातकरवतीत लाकूड स्थिर आणि करवत हलती. येथे नेमके उलटे. प्रस्तुत नोंद या यंत्राच्या एका लहान शाखेपुरती आहे : ४ ते ८ इंच व्यासाच्या पात्याची, एकट्यादुकट्याला उचलता येणारी आणि साधारण १९३० ते १९८० या काळात घरगुती कामासाठी बनलेली यंत्रे. ठाणे आणि नवी मुंबई परिसरात सिडकोच्या रो-हाऊसमागची मोकळी पट्टी, बंद करून घेतलेली बाल्कनी, जुन्या बंगल्याचे गॅरेज अशा जागी ती अजून चालू स्थितीत सापडतात. ‘मेजकरवत’ असा शब्द करता येतो, पण तो कोणाच्या तोंडी नाही. सुतार ‘टेबल सॉ’ म्हणतो किंवा नुसते ‘मशीन’.

पाते ४ इंची म्हणजे काप ४ इंच खोल, अशी समजूत करून घेऊन पुष्कळजण फसतात. पात्याचा अर्धा भाग मेजाखाली असतो. शिवाय ते आवळणाऱ्या चकत्या आणि मेजाची जाडी यांनी उरलेल्यातलाही काही भाग खाल्लेला असतो. त्यामुळे ४ इंची पात्याने जेमतेम १ इंच आणि ८ इंची पात्याने सव्वादोन इंचांच्या आसपास जाडीचे लाकूड कापता येते. देव्हारा, तसबिरीची चौकट, खेळणी, गणपतीचे लाकडी मखर, इमारतीची किंवा गलबताची प्रतिकृती एवढ्याला ते पुरते. दाराची चौकट करायला ही यंत्रे नाहीत.

यंत्र लहान असले तरी पात्याच्या कडेचा वेग लहान नसतो. तो व्यास आणि फेरे यांच्या गुणाकारावर ठरतो. ८ इंची पाते मिनिटाला ४००० फेऱ्यांनी फिरले काय आणि ४ इंची पाते ८००० फेऱ्यांनी फिरले काय, दातांचा वेग सेकंदाला सुमारे ४२ मीटर, म्हणजे ताशी दीडशे किलोमीटर भरतो. ठाण्याहून सुटणारी फास्ट लोकलही एवढी पळत नाही. खेळण्यासारख्या दिसणाऱ्या यंत्राबद्दल वाटणारी बेफिकिरी या एका आकड्याने कमी व्हावी.

इतिहास : गोल पात्याच्या करवतीचा उल्लेख इंग्लंडमधील साउथहॅम्प्टनच्या सॅम्युएल मिलर याच्या १७७७ च्या पेटंटात येतो. पुढची शंभर-सव्वाशे वर्षे ती वखारीतच राहिली, कारण ती फिरवायला पाणचक्की किंवा वाफेचे इंजिन लागे. १९०६ मध्ये जर्मनीत विल्हेल्म आल्टेनडॉर्फने सरकत्या मेजाची करवत बनवली, पण तीही कारखान्यासाठी. घरात शिरण्याइतके हे यंत्र लहान झाले ते विजेच्या स्वस्त, छोट्या मोटरमुळे आणि अमेरिकेत. मिलवॉकीत हर्बर्ट टाउट्झने १९१९ मध्ये स्थापन केलेली डेल्टा, न्यू जर्सीतील प्लेनफील्डची वॉकर-टर्नर आणि सीअर्सच्या दुकानांतून विकला जाणारा क्राफ्ट्समन हा छाप, ही त्या पिढीची मुख्य नावे. मंदीच्या काळात घरच्या घरी दुरुस्त्या करणारा पगारदार माणूस हे त्यांचे गिऱ्हाईक होते.

त्या काळच्या लहान करवतींची एक ओळख म्हणजे पाते कायम उभे असते आणि तिरका काप हवा असेल तर अख्खे मेज झुकवावे लागते. लाकूड मग उतारावरून घसरू पाहते, आणि ते एका हाताने धरून दुसऱ्या हाताने ढकलण्याची कसरत ज्याने केली असेल तोच जाणे. मेज जागेवर ठेवून पाते झुकवण्याची सोय डेल्टाने १९३९ मध्ये आणलेल्या ‘युनिसॉ’मुळे रूढ झाली. युनिसॉ स्वतः जडशीळ होती. लहान यंत्रांपर्यंत ती सोय पोचायला वेळ लागला आणि काहींत ती कधीच आली नाही.

युरोपने वेगळी वाट धरली. ऑस्ट्रियाच्या एम्को कंपनीचा ‘युनिमॅट’ हा टेबलावर मावणारा लेथ (कातकामाचे यंत्र) १९५० च्या दशकात आला. त्याला करवतीचे मेज जोडता येई. इंग्लंडमध्ये मायफर्डच्या एम.एल.८ या लाकडाच्या लेथलाही तशीच जोड मिळे. ड्रिलच्या मोटरवर चालणारी पत्र्याची करवत-मेजेही तिथे खूप खपली, पण ती मेजे सपाट असत असे म्हणणे धाडसाचे होईल. स्वित्झर्लंडच्या इंजेक्टा कंपनीच्या ‘इंका’ करवती दाबाखाली ओतलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या होत्या. हलक्या, न गंजणाऱ्या आणि अचूक. ठाण्याच्या हवेचा विचार करता या सगळ्या कुळात इंकासारखे शहाणे यंत्र दुसरे नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ४ इंचीत अमेरिकेच्या ड्रेमेलची करवत जास्त प्रसिद्ध झाली. प्रतिकृती करणाऱ्यांनी ती उचलून धरली.

ठाण्याच्या बाजूला : १९९१ पूर्वी हौसेखातर परदेशी यंत्र मागवणे सामान्य माणसाच्या आवाक्यात नव्हते. आयात परवाना आणि जकात यांतच हौस संपे. लगतच्या मुलुंडला रॅलीवुल्फच्या ड्रिल बनत आणि घरोघरच्या भिंतींना भोके त्यांनीच पाडली. पण टेबल सॉ ही घरात ठेवायची वस्तू आहे, हे कोणाच्या डोक्यात आले नव्हते. इथे जी जुनी यंत्रे आढळतात ती तीन वाटांनी आली. काही आखातातून किंवा अमेरिकेतून परतणाऱ्यांच्या सामानात आली. काही मुंबईतील दारूखाना या जहाजे मोडण्याच्या भागात मोडीत निघालेल्या जहाजांवरच्या सुतारखोलीतून उतरली. उरलेली वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने बंद पडले तेव्हा टूलरूमच्या लिलावात निघाली. ओतकामासाठी लाकडी साचे करणाऱ्या पॅटर्नमेकरकडे लहान, अचूक करवत असायचीच. तो निवृत्त झाला की ती भंगारवाल्याच्या काट्यावर किलोच्या भावाने जाई.

भंगारातून उचलताना लोक आधी मोटर चालू करून पाहतात. मोटर बदलता येते, बेअरिंगही बदलता येतात. बदलता येत नाही ते मेज. त्यावर गुण्याची (सुताराच्या काटकोनी पट्टीची) धार आडवी, उभी आणि कर्णावर टेकवून खालून उजेड दिसतो का, हे पहिल्यांदा बघावे. मग पात्याच्या एका दातावर खडूची खूण करून तोच दात पुढे आणि मागे आणून गाईडपासूनचे, म्हणजे लाकूड ज्याला टेकवून सरकवतात त्या पट्टीपासूनचे, अंतर मोजावे. दोन्हीकडे सारखे भरले तर गाईड समांतर आहे. अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, फरक निघाला तरी लाकूड मागच्या बाजूने पात्यावर दाबले जाते. स्वस्त अमेरिकी यंत्रांत गाईडचे कुलूप आणि उंचीचे चाक जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेले असते. हा धातू जुना झाला की काही वेळा आतून भेगाळतो. वेल्डिंग घेत नाही, आवळले की तुकडा हातात येतो. असा भाग वागळे इस्टेटमधल्या एखाद्या लेथवाल्याकडून पितळेत किंवा पोलादात करून घेतात.

पात्याचे भोकही जुळत नाही. अमेरिकी शाफ्ट बहुधा ५/८ इंचाचा, म्हणजे १५.८८ मिलिमीटरचा, इथल्या दुकानात मिळणाऱ्या लहान पात्यांचे भोक २० मिलिमीटरचे. मधे बसवायचा बुश (धातूचे कडे) सैल झाला तर पाते लंगडते आणि चीर रुंद पडते. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर तयार बुश मिळतात, पण लेथवर बेताचा करून घेतलेला बरा.

वीज : परदेशी जुन्या यंत्रांची सर्वांत जास्त हेळसांड इथे होते. अमेरिकी मोटर सुमारे ११५ व्होल्ट आणि ६० हर्ट्झसाठी बांधलेली. आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. ‘ट्रान्सफॉर्मर लावला की झाले’ हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. इंडक्शन मोटरचे (कार्बन ब्रश नसलेल्या मोटरचे) फेरे हर्ट्झवर अवलंबून असल्याने ३४५० फेऱ्यांची मोटर इथे सुमारे २८७५ वर येते. ते एक वेळ चालेल. खरी अडचण अशी, की कमी हर्ट्झवर तेवढेच व्होल्ट दिले तर मोटरच्या लोखंडी गाभ्यावर चुंबकीय ताण वाढतो, रिकामी फिरतानाही ती जास्त वीज ओढते आणि तापते. प्रमाणात पाहिले तर ११५ ऐवजी ९६ व्होल्टच द्यायला हवेत. वासावरून हे कळते तेव्हा वाइंडिंग गेलेले असते. कार्बन ब्रश असलेल्या मोटरला हा त्रास नाही. ड्रेमेलसारख्या लहान करवतीत तीच असते, म्हणून त्या नुसत्या ट्रान्सफॉर्मरवर वर्षानुवर्षे चालतात. ब्रिटिश यंत्रे मुळातच ५० हर्ट्झची.

पट्ट्यावर चालणाऱ्या यंत्रात साधा उपाय म्हणजे अर्ध्या हॉर्सपॉवरची इथलीच मोटर बसवणे. २८८० फेऱ्यांची मोटर घेतली तर तिच्यावरची पुली मूळच्या १.२ पट करावी, म्हणजे अडीच इंचाच्या जागी तीन इंच. पात्याचे फेरे पूर्वीइतके राहतात. वायर जुनी, कापडी वेष्टनाची असेल तर ती पूर्ण काढून टाकावी. जुन्या यंत्रांना बहुधा दोनच पिना असतात, अर्थिंग नसते. लोखंडी मेज, ओलसर बाल्कनी आणि अनवाणी पाय हे तिन्ही एकत्र येत असतील, तर तीन पिनांचे प्लग आणि ३० मिलिअँपिअरचे आर.सी.सी.बी. (वीज गळताच प्रवाह तोडणारा खटका) यांवर केलेली काटकसर जिवावर बेतू शकते.

धोका : हात कापला जाणे सगळ्यांना ठाऊक असते, लाकूड उलट फेकले जाणे ठाऊक नसते. पात्याचा पुढचा भाग लाकूड खाली दाबतो, मागचा भाग वर उचलतो. उभे, म्हणजे लाकडाच्या रेषांच्या दिशेने, चिरताना लाकडातला ताण सुटून चीर मागे मिटू लागली, किंवा लाकूड गाईडपासून किंचित फिरले, की मागचे दात त्याला पकडतात आणि चालवणाऱ्याच्या पोटावर फेकतात. हे इतक्या झटक्यात होते, की लाकूड धरलेला हात त्याच्याबरोबर पात्याकडे ओढला जातो.

यावरचा उपाय जुन्या सुतारांना माहीत होता. ओंडका उभा चिरताना दोघे करवत ओढीत आणि पडलेल्या चिरेत पाचर मारून ठेवीत, म्हणजे करवत अडकत नसे. टेबल सॉमध्ये पात्यामागे उभी बसवलेली पोलादी पट्टी हीच ती पाचर. तिची जाडी पात्याच्या चकतीपेक्षा थोडी जास्त आणि दातांनी पाडलेल्या चिरेपेक्षा थोडी कमी असावी लागते. पुष्कळ जुन्या लहान करवतींना ती नसते, किंवा असलेली पहिल्या मालकाने काढून टाकलेली असते. यंत्राला पाचर बसवून घेता आली तर ते वापरावे. बसतच नसेल तर त्यावर उभे चिरू नये, आडव्या कापापुरतेच ठेवावे. आणि आडवे कापताना गाईडचा टेकू घेऊ नये, कारण सुटलेला तुकडा पाते आणि गाईड यांच्यात सापडतो. शेवटचे चार इंच हाताने नव्हे, खाच पाडलेल्या काठीने ढकलतात. हातमोजे घालत नाहीत. दातात बोटाआधी मोजा अडकतो. अमेरिकेत स्टीफन गॅस यांनी १९९९ मध्ये शोधलेली, त्वचा लागताच पाते काही मिलिसेकंदांत थांबवणारी योजना या जुन्या यंत्रांना बसत नाही.

लाकूड आणि हवा : परिसरात हौशी सुताराला मिळणारे चांगले लाकूड बहुतेक वेळा जुनेच असते. पाडलेल्या चाळीतून निघालेला बर्मा साग रंध्याखाली अजून तेल सोडतो, पण त्यात मोडलेले खिळे असतात. चुंबक फिरवल्याशिवाय तो पात्यावर घालू नये. न्हावाशेवा बंदरातून येणाऱ्या खोक्यांचे पाइनवुड तुर्भे-कळंबोलीकडे मिळते. त्यावरचा शिक्का वाचावा : ‘एच.टी.’ म्हणजे उष्णता देऊन कीडमुक्त केलेले, ‘एम.बी.’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडचा धूर दिलेले. दुसऱ्या प्रकारचे घरात कापायला नको. कठीण लाकडाची बारीक धूळ कर्ककारक म्हणून मान्य झालेली आहे, आणि लहान पात्याचा भुसा मैद्यासारखा बारीक पडतो. नाकाला रुमाल बांधून भागत नाही.

पावसाळ्यात बिडाच्या मेजावर एका रात्रीत तांबूस छटा येते. खाडीकाठच्या घरांत तर थांबतच नाही. बारीक पॉलिश पेपर फिरवून वर साधी मेणबत्ती घासली आणि फडक्याने पुसली, की गंज लांबतो आणि लाकूडही अलगद सरकते. मोटारीचे सिलिकॉनयुक्त पॉलिश टाळतात, कारण ते लाकडाला लागून पुढे रंग नीट बसत नाही.

आवाजाचा प्रश्न यंत्राने सुटत नाही. निवासी भागात २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. करवतीजवळचा आवाज सहज ९० च्या वर जातो. सोसायटीत दुपारी दोन ते चार यंत्र बंद ठेवण्याचा रिवाज आहे आणि तो लेखी नसला तरी शेजारच्या आजोबांच्या झोपेएवढा पक्का असतो. यंत्राखाली रबराचा जाड तुकडा टाकल्याने खालच्या मजल्यावर जाणारी थरथर बरीच कमी होते. दुपार अशी वर्ज्य, म्हणून मखराची कापाकापी श्रावणातल्या रविवारी सकाळी उरकून घेतात. २०१८ च्या थर्माकोलबंदीनंतर अशी कामे वाढली आहेत.

आजच्या बांधकामाच्या साइटवर जुन्या टेबल सॉची जागा ‘उलट्या कटर’ने घेतली आहे. फरशी कापायचे हातातले यंत्र प्लायच्या तुकड्याखाली उलटे स्क्रू करायचे, ११० मिलिमीटरचे लाकडाचे पाते लावायचे आणि खटका दोरीने बांधून टाकायचा. फेरे मिनिटाला १२००० च्या आसपास, म्हणजे दातांचा वेग सेकंदाला जवळजवळ ६९ मीटर. पाचर नाही, पात्यावर झाकण नाही. थांबवायचे असेल तर भिंतीवरच्या बटणापर्यंत चालत जायचे, नाहीतर फिरत्या पात्याच्या खाली हात घालून दोरी सोडायची.