घरातली झाडं: आधी ओळख, मग पाणी

झाड सुकलं म्हणून ग्राहक कुंडी घेऊन येतात आणि माती काढून पाहावं तर मुळं कुजलेली असतात. पान पिवळं पडलं की आपण आणखी पाणी घालतो, तिथेच घात होतो. म्हणून आपलं झाड कोणतं, हे आधी ओळखा.

झेडझेड: जाड, चकचकीत पानं, दांड्याच्या दोन्ही बाजूंना. माती थोडी उकरा, खाली बटाट्यासारखे कंद लागतील. हे मूळचं पूर्व आफ्रिकेतलं, कोरड्या दिवसांत कंदातल्या पाण्यावर तगणारं. माती तळापर्यंत कोरडी झाल्याशिवाय पाणी घालू नका. पावसाळ्यात 15-20 दिवस थांबलात तरी त्याला काही होत नाही. उभ्या, पट्टेदार पानांच्या स्नेक प्लांटलाही हेच लागू.

मनी प्लांट की फिलोडेंड्रॉन? दोघांची पानं बदामी, त्यामुळे गल्लत होतेच. पानाच्या देठावरून बोट फिरवा. मनी प्लांटच्या देठाला वरून पन्हळ असते, हार्टलीफ फिलोडेंड्रॉनचा देठ गोलसर लागतो. फिलोडेंड्रॉनचं नवं पान पातळ आवरणातून बाहेर येतं, मग ते आवरण वाळून गळतं. पाणी दोघांना सारखंच: बोटाची दोन पेरं माती कोरडी लागली की घाला. पांढऱ्या छटेची जात मात्र खिडकीजवळच ठेवा, अंधाऱ्या कोपऱ्यात नवी पानं हिरवी येऊ लागतात.

पीस लिली तहान लागली की माना टाकते, पाणी दिलं की काही तासांत सावरते. अरेका पामच्या पानांची टोकं करपत असतील तर बोअरचं क्षाराचं पाणी बंद करून पाहा.

लहान मुलं किंवा मांजर-कुत्रं असलेल्या घरांनी हे जरूर वाचावं. डिफेनबाकिया, मनी प्लांट, फिलोडेंड्रॉन, पीस लिली, झेडझेड या सगळ्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावलं तर तोंडाची आग होते, सूज येते. लगेच तोंड धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. डिफेनबाकिया तर हाताला येईल असा ठेवूच नका.

पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. ओल्या फडक्याने पुसून काढा, मग 1 लिटर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे चार थेंब मिसळून संध्याकाळी फवारा.

झाड ओळखता आलं नाही, तर पान, देठ आणि मातीचा जवळून फोटो काढून दुकानात दाखवा. आम्ही सांगू, पैसे लागत नाहीत.