पेरभर हाडाचा हिशेब

पत्रा कापणाऱ्या पॉवर प्रेसखाली एका कामगाराच्या तर्जनीचं टोक गेलं. महिन्याभरात जखम भरली, बोट जरा आखूड दिसतं इतकंच. केसपेपरवर ओळ आहे: 'उजव्या तर्जनीला इजा, टाके घातले.' टाके काढणाऱ्याला तेवढं पुरतं. भरपाई ठरवणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही.

कारण कायदा बोटं पेरांनी मोजतो. 1923 च्या कामगार भरपाई कायद्याला जोडलेलं कोष्टक 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आलं आहे. तर्जनीचं टोक छाटलं पण हाड शाबूत राहिलं, तर कमाईची क्षमता 5 टक्के घटली असं धरतात. एक पेर गेलं तर 9, दोन गेली तर 11, अख्खं बोट गेलं तर 14. आता तीस वर्षं पूर्ण झालेला, 15,000 रुपये पगाराचा कामगार घ्या. पगाराचे 60 टक्के म्हणजे 9,000, त्याला कायद्याने त्या वयासाठी ठरवलेला गुणक 207.98, झाले 18,71,820; ही क्षमता पूर्ण गेल्याची भरपाई. याचे 5 टक्के सुमारे 93,600, आणि 9 टक्के सुमारे 1,68,500. पाऊण लाखाचा फरक! हाड कुठवर गेलं हे एक्स-रेत दिसतं, पण अहवालात ते कुणीतरी लिहावं लागतं. (आपल्याकडे लिहायचा कंटाळा किती, ते वेगळं सांगायला नको.)

कोष्टकात न बसणाऱ्या जखमा जास्त अवघड. बोटं सगळी जागेवर, पण मूठ वळत नाही. इथे क्षमता किती घटली हे डॉक्टरनेच ठरवायचं असतं, आणि नुसता 'अंदाजे 20 टक्के' हा आकडा उलटतपासणीत टिकत नाही. मग मोजमाप आलं. प्रत्येक सांधा किती अंश वाकतो ते कोनमापकाने बघायचं, आणि तुलनेला त्याच माणसाचा दुसरा, धड हात घ्यायचा.

पकड मोजायच्या डायनॅमोमीटरचा दाबायचा दांडा पाच रुंदींवर बसवता येतो, आणि रुंदी बदलली की पकडणाऱ्या स्नायूची लांबीही बदलते. स्नायू फार आखडलेला किंवा फार ताणलेला असला की त्यातल्या तंतूंना एकमेकांना नीट ओढता येत नाही. मधल्या लांबीला जोर सर्वांत जास्त. म्हणून पाच आकड्यांचा आलेख सहसा मध्ये उंचावतो. तो सपाट आला की 'हा मुद्दाम जोर लावत नाही' असा शेरा मारायचा मोह होतो. पण दुखणाऱ्या हाताचा आलेखही सपाट येऊ शकतो. एवढ्यावर माणसाला लबाड ठरवणं मला तरी पटत नाही.

शिवाय हाताचं नुकसान आणि कमाईचं नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. मालकाचं म्हणणं, हे अंशतः अपंगत्व. सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही: एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याचं नुकसान 100 टक्के. म्हणजे हा माणूस नेमकं काय काम करायचा, हेही डॉक्टरने विचारायला हवं.

बोटाच्या टोकाला साधारण 5-6 मिलिमीटरवरचे दोन स्पर्श वेगळे कळतात. मज्जातंतू तुटला की ते एकच वाटतात. चांगल्या अहवालात हे अंतर लिहिलेलं असतं आणि खाली एक साधी ओळ असते: छोटा नट चिमटीत आहे की पडला, हे कळायला याला हाताकडे बघावं लागतं.