तुमच्या अहवालातील ‘आरएनए हेलिकेज’: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

वडोदऱ्यातील आमच्या नमुना संकलन केंद्रातून जनुकीय तपासणीचा अहवाल नेणाऱ्या ग्राहकांचा पहिला प्रश्न पुष्कळदा निकालाविषयी नसून त्यातील एखाद्या शब्दाविषयी असतो. दांडिया बाजारातील एका आजींनी नातीच्या अहवालात ‘डेड बॉक्स’ असे छापलेले वाचले आणि काउंटरवरच डोळ्यांना पदर लावला. तो शब्द मृत्यूचा नाही, हे त्यांना पटवून देण्यास बराच वेळ लागला आणि त्याच दिवशी हे पत्रक मराठीतून काढण्याचे ठरले. डी, ई, ए, डी ही अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिने ज्यांपासून बनतात त्या घटकांची, एकाक्षरी नावे आहेत: अ‍ॅस्पार्टिक आम्ल, ग्लुटामिक आम्ल, अ‍ॅलनिन आणि पुन्हा अ‍ॅस्पार्टिक आम्ल. ज्या आरएनए हेलिकेज प्रथिनांत ही चार याच क्रमाने लागोपाठ येतात, त्यांच्या कुटुंबाला १९८९ मध्ये संशोधकांनी हे नाव दिले. प्रयोगशाळेत ते गमतीचे वाटले असेल. घरी नेण्याच्या कागदावर ते मुळीच शोभत नाही.

हेलिकेज हे एक एन्झाइम आहे. मराठी पाठ्यपुस्तकांत त्याला विकर म्हणतात आणि इथल्या गुजराती शाळेत जाणाऱ्या नातवंडांना तेच उत्सेचक म्हणून ठाऊक असते. डीएनएवरून आरएनएची प्रत निघते व त्या प्रतीवरून प्रथिन तयार होते, इतके बहुतेकांनी वाचलेले असते. मात्र आरएनएचा धागा सरळ राहत नाही. तो स्वतःवरच दुमडतो, त्याचे भाग एकमेकांशी जुळून गाठी पडतात आणि वर प्रथिनेही चिकटतात. एटीपी या रेणूतील ऊर्जा खर्चून या गाठी सोडवणे व नको ती प्रथिने झटकणे हे आरएनए हेलिकेजचे काम आहे.

उत्तरायणानंतर गच्चीवर पडलेला मांज्याचा गुंता ज्यांनी सोडवला असेल, त्यांना याच्या दोन रीती लगेच कळतील. काही हेलिकेज एक टोक धरून धाग्यावरून पुढे सरकत जातात. ‘डेड बॉक्स’ कुटुंबातील हेलिकेज तसे करत नाहीत. ते नेमके गाठीवर बसतात, एका धाग्याला बाक देतात, त्यामुळे समोरचा धागा सुटतो आणि एटीपी फुटून गेला की स्वतःही बाजूला होतात. लांब गुंत्यावर हा उपाय चालत नाही, परंतु लहान गाठीसाठी तो पुरेसा असतो.

माणसाच्या पेशीत साठाहून अधिक आरएनए हेलिकेज आहेत. त्यांपैकी एक आरएनएच्या सुरुवातीच्या गाठी उकलून रायबोसोमला, म्हणजे प्रथिन तयार करणाऱ्या यंत्राला, वाचन सुरू करू देते, काही आरएनएमधील अनावश्यक तुकडे कापून टाकणाऱ्या यंत्रणेत काम करतात, तर काही खुद्द रायबोसोमच्या जडणघडणीत लागतात. रिग-आय आणि एमडीए-५ ही दोन मात्र पहारेकऱ्याचे काम करतात: विषाणूचा दुहेरी आरएनए ओळखून ती पेशीला इंटरफेरॉन या संरक्षक प्रथिनाचा इशारा देण्यास लावतात.

येथेच एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. हेलिकेज जितके अधिक सक्रिय तितके चांगले, असे नाही. एमडीए-५ च्या जनुकातील काही बदलांमुळे हा पहारेकरी विषाणू नसतानाही ओरडत राहतो आणि लहान मुलांच्या मेंदूला इजा करणारा एकार्डी-गुतिएर सिंड्रोम होऊ शकतो. याउलट, त्याच जनुकाचे काम मंदावणारे काही दुर्मीळ बदल टाइप १ मधुमेहाचा धोका कमी करतात, असे आढळले आहे. म्हणून ‘हेलिकेज वाढवणारे’ औषध किंवा पावडर कोणी सुचवल्यास घेऊ नये.

आजींच्या नातीच्या अहवालात डीडीएक्स३एक्स, म्हणजे ‘डेड बॉक्स’ कुटुंबातील एका हेलिकेजच्या जनुकाचे, नाव होते. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि त्यातील बदलामुळे मुख्यतः मुलींमध्ये बौद्धिक विकास व बोलणे मागे पडते. २०१५ मध्ये याचे सविस्तर वर्णन झाले. यातील बहुतांश बदल मुलीत नव्यानेच उद्भवलेले असतात, आईवडिलांकडून आलेले नसतात. त्यामुळे दोष सासरचा की माहेरचा, हा आमच्या काउंटरवर वरचेवर रंगणारा वाद या बाबतीत बहुधा निराधार ठरतो, आणि तो मुलीच्या आईसमोर तर होऊच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

त्याच कुटुंबातील डीडीएक्स४१ या जनुकाची गोष्ट वेगळी आहे. त्यातील बदल घराण्यातून येऊ शकतो, अनेक वर्षे काहीही जाणवत नाही आणि साधारणतः उतारवयात अस्थिमज्जेचे विकार किंवा रक्ताचा कर्करोग उद्भवू शकतो. अशा रुग्णाला भाऊ किंवा बहीण अस्थिमज्जा देणार असल्यास आधी दात्यातही हाच बदल आहे का याची तपासणी व्हावी, याची आठवण डॉक्टरांना जरूर करावी. रक्ताच्या कर्करोगात रक्तातील बदल जन्मजात आहे की रोगातूनच निर्माण झाला, हे कळण्यासाठी कधी कधी त्वचेचा नमुना मागवला जातो; तो आमच्याकडे घेतला जात नाही, त्यासाठी रुग्णालयातच जावे लागते.

विषाणूंचीही स्वतःची हेलिकेज असतात. डेंगी, हिपॅटायटिस सी आणि कोरोना यांच्या हेलिकेजना रोखणाऱ्या औषधांवर संशोधन चालू आहे, परंतु त्यांचा तुमच्या अहवालाशी संबंध नाही.

अहवालात बदलाचे महत्त्व ‘अनिश्चित’ असे लिहिले असेल, तर तो आजार असल्याचा निकाल समजू नये व त्यावरून उपचारही बदलू नयेत. अर्थ लावण्याचे काम डॉक्टरांचे किंवा जनुकीय समुपदेशकांचे आहे, आमचे नाही. त्यांनी आईवडिलांचे नमुने मागितल्यास दोघांनी मुलाच्या मूळ अहवालाची प्रत सोबत आणावी, म्हणजे प्रयोगशाळेला नेमका तोच बदल पाहता येतो. उपाशीपोटी येण्याची गरज नाही. जांभळ्या बुचाच्या नळीत २ ते ३ मिलिलिटर रक्त घेतले जाते. अलीकडे कोणाला रक्त चढवले असल्यास सुई टोचण्यापूर्वी तसे सांगावे.