गटांतील व्यवसायप्रसिद्धी (मराठवाडा)

व्हॉट्सॲप, फेसबुक, टेलिग्राम यांवरच्या गटात सदस्य म्हणून वावरताना आपल्या छोट्या व्यवसायाची माहिती कुणाला न खुपता पोचवण्याची पद्धत. गट कधी गल्लीचा असतो, कधी दहावीच्या बॅचचा, कधी हळद उत्पादकांचा, तर कधी शाळेतल्या पालकांचा. विकणाराही त्यांच्यातलाच एक असतो, म्हणून इथे प्रसिद्धीचा प्रश्न आधी वागणुकीचा आणि मग विक्रीचा. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर आणि धाराशिव या आठही जिल्ह्यांत वाळवणं, हळद, केसर आंबा, खवा, शिवणकाम असे घरगुती आणि हंगामी व्यवसाय गटांचा आधार घेतात.

गट म्हणजे गावचा पार. पारावर कापडवाला बसतो, सोनार बसतो, बी-बियाणंवाला बसतो. पण मालाचा गठ्ठा उघडून कुणी बसत नाही. गप्पा पाऊसपाण्याच्या, लग्नकार्याच्या चालतात. कुणी विचारलं, तर ‘उद्या दुकानावर या’ एवढंच उत्तर मिळतं. ओरडून माल विकायला आठवडी बाजार आहे, आणि तिथे ते शोभतंही. मात्र बाजारात आणि पारावर एक गोष्ट सारखी असते : पुढच्या आठवड्यात तेच तोंड घेऊन त्याच माणसांपुढे यायचं असतं. गटातही तसंच. ज्यांना आज वाईट हळद दिली, त्यांच्याबरोबर उद्या सकाळी रामराम घालायचा असतो.

चर्चेच्या जागी जाहिरात ओतल्याचा राग इंटरनेटइतकाच जुना आहे. एप्रिल १९९४ मध्ये अमेरिकेतल्या दोन वकिलांनी ग्रीन कार्ड (तिथे कायम राहण्याचा परवाना) सोडतीची आपली जाहिरात युजनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चाव्यवस्थेच्या हजारो गटांत एकदम टाकली आणि लोक खवळले. व्हॉट्सॲप २००९ मध्ये आलं. छोट्या व्यावसायिकांसाठीचं त्याचं वेगळं ॲप जानेवारी २०१८ मध्ये आलं, आणि पुढे त्यात मालाची यादी फोटो-भावासह लावण्याची सोय झाली. अफवा रोखण्यासाठी जुलै २०१८ मध्ये भारतात एक संदेश एका वेळी फक्त ५ ठिकाणी पुढे पाठवता येईल असं बंधन आलं. २०२२ मध्ये गटाची सदस्यमर्यादा १,०२४ झाली. म्हणजे भरलेल्या गटात टाकलेलं एक पत्रक हजार खिशांत वाजतं, आणि त्यातल्या नऊशेंना ते नको असू शकतं.

ही पद्धत कशी चालते ते उन्हाळ्यातल्या एका नेहमीच्या प्रसंगावरून कळेल. कॉलनीच्या महिला गटात कुणीतरी विचारतं, ‘ताई, माझ्या कुरडया तळल्यावर फुलतच नाहीत, लालसर पडतात. काय चुकलं असंल?’ गटात वाळवणं करून विकणाऱ्या एक काकू असतात. त्या लिहितात : गहू तीन दिवस भिजू द्या, पण पाणी रोज बदला. चीक गाळल्यावर रात्रभर निवळू द्या आणि सकाळी वरचं पाणी सगळं काढून टाका. ते राहिलं की रंग जातो. शिजवताना हात थांबवू नका, गाठ झाली की सोऱ्यातून तार तुटते. खाली एक फोटो : गच्चीवर जुन्या साडीवर घातलेल्या पांढऱ्याशुभ्र कुरडया, कडेला उन्हात ठेवलेला पितळी सोऱ्या. भाव नाही, नंबर नाही. दुसऱ्या दिवशी कुणीतरी विचारतंच, ‘काकू, तुम्ही करून देता का हो?’ तेव्हा काकूंनी सांगायचं, आणि तेही मोजकं : किलोचा भाव, किती दिवसांत मिळतील, बाकीचं पर्सनलवर. ज्या बाईला चीक कसा निवळायचा ते कळलं, ती घरी करील आणि गिऱ्हाईक जाईल, ही भीती बहुतेकांना वाटते. ती खोटी आहे. कृती वाचून तीन दिवस गहू भिजवत बसणाऱ्या थोड्या. ज्यांना वेळ नाही त्या जास्त, आणि त्यांना आता कुणाला सांगायचं ते ठाऊक झालेलं असतं.

शेतकऱ्यांच्या गटात हेच हळदीच्या कंदकुजीवर, म्हणजे जमिनीतला कंद सडण्याच्या रोगावर, घडतं. हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतकडचा हळकुंड-पावडर विकणारा शेतकरी ‘दादा, आधी चर काढून साचलेलं पाणी बाहेर घाला, मग ट्रायकोडर्माचं (रोगाला आवरणारी उपयोगी बुरशी) बघू’ असं वेळेवर सांगतो, तेव्हा त्याची हळद न बघताच लोकांना तिची खात्री वाटू लागते.

विक्रेत्याशी नातं असेल तर ते सांगावं. ‘चांगली हळद कुठं मिळंल?’ या प्रश्नावर विकणाऱ्याचाच भाचा ‘अमक्याकडं एक नंबर मिळते’ असं तिऱ्हाईतासारखं लिहितो, आणि संध्याकाळपर्यंत गावाला नातं कळतं. त्यानंतर त्या घरच्या कुठल्याच शब्दाला किंमत राहत नाही. ‘माझे मामाच आहेत, पण माल खरंच चांगला आहे’ असं म्हटलं असतं तर कुणी हसलं नसतं. जाहिरातीतल्या शिफारशीमागचा असा संबंध उघड करावा, असं दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या केंद्र सरकारच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात.

दाव्यांबाबत कायदा आणखी कडक आहे. हळदीने कॅन्सर जातो, अमुक चूर्णाने साखर कायमची बरी होते, असले संदेश मालाच्या फोटोसोबत सर्रास फिरतात. १९५४ च्या औषधी द्रव्ये व जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याने कॅन्सर, मधुमेह यांसह अनेक आजारांवर असा इलाज जाहीर करायला बंदी आहे. खाण्याचे पदार्थ विकणाऱ्याने अन्नसुरक्षा नोंदणी करून तिचा १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापावा. त्याचा फोटो टाकला की पुढचं बोलणं सोपं जातं. नावांचंही तेच. मराठवाडा केसर आंब्याला २०१६ मध्ये आणि वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे ते नाव त्याच भागातल्या मालाचं असल्याची सरकारी नोंद, मिळालं. दुसरीकडचा माल आणून त्यावर ही नावं लावणं म्हणजे ज्यांनी ती कमावली त्या शेतकऱ्यांच्या ताटातलं उचलणं आहे.

ॲडमिनला आधी विचारणं ही पहिली पायरी. काही गटांत जाहिरातीला आठवड्याचा एक दिवस ठरवून दिलेला असतो, काहींत ती अजिबात चालत नाही. तिथे स्वतःचं स्टेटस मोकळं असतंच. ते बघायचं की नाही हे बघणाऱ्याच्या हातात असतं.

वेळ ओळखणं मात्र कुठल्याच नियमात लिहिलेलं नसतं. प्रस्तुत लेखकाच्या गल्लीच्या गटात एका सकाळी एका वृद्ध शिक्षकांच्या निधनाची बातमी आली. सावडण्याची वेळ कुणी विचारत होतं, कुणी हात जोडत होतं. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’च्या त्या ओळीत मधेच साड्यांच्या सेलचं रंगीत पत्रक येऊन पडलं. टाकणाऱ्याने वरचं वाचलंच नव्हतं. दहा गटांत एकाच दमात टाकताना वाचणार कसं? त्याला कुणी एका शब्दानं बोललं नाही. पण त्या दिवाळीत गल्लीतल्या बायका त्याच्या दुकानाची पायरी चढल्या नाहीत. गारपिटीने बागा झोपल्यात आणि गटात पंचनाम्याचं बोलणं चाललंय, अशा दिवशी खताची ऑफर टाकणंही याच जातीचं.

तक्रार आली की बरेच विक्रेते ती झाकायला बघतात. ‘पर्सनलवर या’ एवढंच लिहून गप्प बसतात, किंवा ॲडमिनला संदेश काढून टाकायला सांगतात. त्यापेक्षा उत्तर गटातच द्यावं : ‘भाऊ, एसटीच्या पार्सलात पिशवी फुटली, माझ्याकडं फोटो आलाय. दुसरी आजच्या गाडीनं पाठवतो, पैसे नकोत.’ ती पोचली की घेणाऱ्याला दोन शब्द लिहायला सांगायचीही गरज पडत नाही, तो आपणहून लिहितो. घासाघीस, पत्ता, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट हे सगळं मात्र खासगीतच असावं. दुसऱ्याने काय भावाने घेतलं हे गटाला दिसलं की नवे रुसवे सुरू होतात.

हंगामी माल संपल्यावर तसं सांगण्याची रीत जुन्या विक्रेत्यांत आढळते. मृगाची सर आली की काकू गटात लिहितात : ‘कुरडया संपल्या, सोऱ्या धुऊन ठेवला. पापड हवे असतील तर शेजारच्या वहिनींकडं आहेत अजून पाच किलो, त्यांना विचारा.’