‘शक्तीची गोळी’ वेगळी, बी-१२ वेगळं

मिरजेत दवाखान्यांच्या गर्दीत औषधांचं दुकान टाकलं की पहिल्याच आठवड्यात कळतं, गिऱ्हाईक गोळीचं नाव घेत नाही. ‘शक्तीची द्या’, ‘ती लघवी पिवळी करणारी द्या’, ‘नसांची द्या’, ‘मुंग्यांची द्या’. अथणी-चिकोडीकडची माणसं कानडीत मागतात, पण मागणी तीच. खरं सांगायचं तर सुरुवातीची काही वर्षं या चारही मागण्यांना मी एकाच कप्प्यातली बी-कॉम्प्लेक्सची स्ट्रिप काढून देत होतो. पहिल्या दोघींना ती चालून जाते. उरलेल्या दोघींचं तसं नाही, हे मला तासगावकडच्या एका मामांच्या चपलेनं शिकवलं.

मामांची द्राक्षबाग. गळ्यात तुळशीची माळ, ती घातल्याला आठ वर्षं झालेली. ॲसिडिटीची गोळी त्याहून जुनी. पायाला मुंग्या येतात म्हणून दोन वर्षं ते माझ्याकडून शक्तीची कॅप्सूल न्यायचे आणि आठवेल तशी घ्यायचे. एकदा सहज विचारलं, फरक पडतोय का?

“लागू पडतीया की डॉक्टर. लघवी बघा, हळदीगत पिवळी हुतीया.” (मेडिकलवाल्याला डॉक्टर म्हणायची आमच्याकडे रीत आहे, मी तिला हरकत घेणं कधीच सोडलंय.) मग निघता निघता म्हणाले, “तेवढी चप्पल कवा निसटती ते काय कळत न्हाई. नातू मागनं वरडतोय, आज्जा, चप्पल!”

पायातली चप्पल निसटल्याचं पायाला कळत नाही, ही थकव्याची तक्रार नव्हे, नसांची तक्रार आहे. आणि हळदीसारखी लघवी हा औषध लागू पडल्याचा पुरावा नव्हे. तो पिवळा रंग बी-२चा, म्हणजे रायबोफ्लेविनचा. शरीराला हवं तेवढं घेऊन झालं की उरलेलं मूत्रपिंड बाहेर टाकतं. लघवी पिवळी झाली याचा अर्थ एवढाच, की त्यातलं जास्तीचं बी-२ आलं तसं गेलं. त्याच कॅप्सूलमधल्या बी-१२चं आत काय झालं, हे त्या रंगावरून काडीमात्र कळत नाही.

बी-कॉम्प्लेक्स म्हणजे आठ जणांचं एकत्र कुटुंब: बी-१, २, ३, ५, ६, ७, ९ आणि १२. मधले आकडे गाळलेले दिसतात ते प्रूफातल्या चुकीनं नव्हे. त्या नंबरांचे पदार्थ आधी व्हिटॅमिन म्हणून मिरवले आणि पुढं ते तसे नाहीत असं ठरलं. ही आठही पाण्यात विरघळतात आणि यीस्ट, लिव्हर असल्या पदार्थांत बरीचशी एकत्र सापडायची, म्हणून आडनाव एक पडलं. कामं मात्र निरनिराळी. यातल्या बी-९चं, म्हणजे फॉलिक ॲसिडचं, माहेर आपल्याकडचंच म्हणायला हवं. लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर १९२८ साली मुंबईत आल्या आणि गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांचं रक्त का कमी होतं याचा त्यांनी शोध घेतला. यीस्टच्या अर्कानं त्या बायका सुधारतात, हे त्यांनी १९३१ मध्ये छापलं. त्या अर्कातला गुणकारी पदार्थ पुढं फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. हे फॉलिक ॲसिड मामांच्या गोष्टीत पुन्हा येणार आहे, आणि या वेळी खलनायक होऊन.

आधी ‘शक्ती’चं बघू. या आठांपैकी एकातही कॅलरी नाही. शक्ती भाकरीत असते, ती मोकळी करायला ही व्हिटॅमिनं हाताखाली लागतात. गुऱ्हाळावर गुळव्या असतो तसं. गुळव्या नसेल तर काहिलीतला रस वाया जाईल हे खरं, पण एका काहिलीभोवती दहा गुळवे उभे केले म्हणून ढेप मोठी होत नाही. ज्याला कमतरता आहे त्याला कॅप्सूलनं खरंच हुशारी येते. दारू पिणारा, महिनोन् महिने अर्धपोटी असणारा, मोठ्या आजारातून उठलेला, अशांना ती द्यावीच. ज्याचं जेवण बरं आहे आणि जो रात्री बारापर्यंत मोबाइल बघून सकाळी पाचला द्राक्षबागेत फवारणीला जातो, त्याचा थकवा माझ्या दुकानात मिळणाऱ्या कशानंही जाणार नाही.

बी-१२ या कुटुंबातलं, पण स्वभावानं वेगळं. बाकीची पाण्यात विरघळणारी व्हिटॅमिनं शरीर फारशी साठवत नाही, हे मात्र लिव्हरमध्ये वर्षानुवर्षं साठतं. झाडं ते बनवत नाहीत, प्राणीही नाहीत. बनवतात फक्त जिवाणू, आणि ते आपल्याला मिळतं मटण, मासे, अंडी, दूध यांतून. मोड आलेली कडधान्यं, पालक, बीट यांत ते नाही. बीट लाल असतं म्हणून रक्त वाढवतं, या समजुतीला तर माझ्याकडे औषधच नाही.

आता माळेचा हिशेब बघा. माळ घातली, मटण-मासे सुटले, अंडंही सुटलं. पहिली तीन-चार वर्षं लिव्हरमधल्या साठ्यावर निघून जातात. मुंग्या सुरू होतात तोवर माणूस खाण्यात काही बदल केल्याचंही विसरलेला असतो, मग दोष वयाला, वाऱ्याला, नाहीतर चुकीच्या कुशीवर झोपण्याला. आमच्या जिल्ह्यात जैन घरंही पुष्कळ, तिथं तर जन्मापासून अंडं नाही. दूध-दही भरपूर असेल तर निभतं. पण गोठ्यात चार म्हशी असणाऱ्या घरातही दूध जातं डेअरीला आणि घरी उरतं चहापुरतं, ही वस्तुस्थिती आहे.

आतड्यातली वाट तर आणखी अरुंद. मोठ्या माणसाला दिवसाला बी-१२ लागतं दोन-अडीच मायक्रोग्रॅम, म्हणजे डोळ्याला दिसणारही नाही इतकं. ते शोषायला जठरात तयार होणारं एक प्रथिन लागतं, आणि त्या प्रथिनाच्या वाटेनं एका वेळी फार तर दीड-दोन मायक्रोग्रॅम आत जातं. त्यापुढचं जे काही, त्यातलं शंभरात एखादा टक्का आपोआप झिरपतं. बी-कॉम्प्लेक्सच्या पुष्कळ कॅप्सूलमध्ये बी-१२ असतं १५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी. ज्याच्या जठरात ते प्रथिन नीट बनतं, त्याच्या अंगात त्यातलं दीड-दोन जातं, रोजचा खर्च जेमतेम भागतो, रिकामी झालेली कणगी भरत नाही. आणि ज्याच्या जठरात ते प्रथिनच बनत नाही, त्याला मिळतं फक्त झिरपणारं. १५चा एक टक्का म्हणजे काहीच नाही. १५०० मायक्रोग्रॅमच्या निव्वळ बी-१२च्या गोळीतून मात्र याच झिरपण्यानं १५ आत जातं. म्हणून त्या गोळीवरचा आकडा एवढा मोठा असतो, आणि म्हणून काहींना सुरुवातीला इंजेक्शनच देतात.

मामांच्या ॲसिडिटीच्या गोळीचा संबंध इथं येतो. अन्नातलं बी-१२ प्रथिनांना चिकटलेलं असतं, ते सुटायला जठरातलं आम्ल लागतं. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल वर्षानुवर्षं चालू असेल तर ते नीट सुटत नाही. शुगरची मेटफॉर्मिनही बी-१२ कमी करते. शुगरच्या पेशंटला मुंग्या आल्या की ‘शुगरमुळं’ म्हणून फाइल बंद होते, पण त्यातल्या काहींना मेटफॉर्मिनमुळं कमी झालेलं बी-१२ही नडत असतं. म्हणून ती गोळी मनानं बंद करू नका, बी-१२ तपासून घ्या.

मामांना जिन्यावरून धरून वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांकडे मीच नेलं. त्यांनी डोळे मिटून उभं राहायला सांगितलं तर मामा भिंतीकडे झुकले. “तोंडावर पाणी मारताना बी असंच हुतंय,” म्हणाले. मग डॉक्टरांनी कंप पावणारा चिमटा, ट्यूनिंग फोर्क, वाजवून घोट्याच्या हाडावर टेकवला. मामा कान देऊन ऐकत होते. त्यांना आवाज येत होता, हाडात थरथर मात्र जाणवत नव्हती. नसांवरचं वेष्टण टिकवायला बी-१२ लागतं. विहिरीवरच्या मोटारीच्या वायरचं रबर उडालं की जे होतं, ते मामांच्या पायापासून मणक्यापर्यंत सुरू झालेलं होतं.

आणि हिमोग्लोबिन? १३. मामांचे चिरंजीव म्हणाले, मग रक्त तर चांगलंय! इथं ते फॉलिक ॲसिड. बी-१२ कमी झालं की एरवी लाल पेशी मोठ्या होतात, रक्त उतरतं आणि सीबीसीच्या साध्या रिपोर्टमध्ये एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, शंभराच्या वर गेलेला दिसतो. बी-कॉम्प्लेक्समधलं फॉलिक ॲसिड रक्ताची ही बाजू सावरून धरतं, नसांची सावरत नाही. म्हणजे धोक्याची घंटा बंद, घरातली आग चालूच. दोन वर्षं ती घंटा मीच स्ट्रिपमागून स्ट्रिप देऊन बंद केलेली. मामांचं बी-१२ निघालं १४०. साधारण २००च्या खाली कमतरता धरतात.

लोहाची कमतरता हा वेगळा विषय, तिथं पेशी लहान होतात आणि गोळीही वेगळी. बायकांमध्ये पुष्कळदा दोन्ही एकदम असतं, मग मोठ्या-लहान पेशींची सरासरी निघून एमसीव्ही सोज्वळ दिसतो. एवढं लक्षात असू द्या.

‘नसांची द्या’ म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक सांगायला हवं. दुकानात ‘मिथाइलकोबालामिन’ असं लिहिलेल्या स्ट्रिपांत दोन जाती असतात. एक निव्वळ बी-१२. दुसऱ्यात त्याच्या जोडीला प्रेगाबॅलिन किंवा गॅबापेन्टिन. ही व्हिटॅमिनं नव्हेत, नसांच्या वेदनेवरची खरीखुरी औषधं आहेत. झोप येते, गरगरतं, आणि रोज घेत असाल तर एकदम तोडायची नसतात. ‘आमच्या ह्यांना गुण आला, तुम्ही पण घ्या’ म्हणून शेजारच्या काकींनी दिलेली ही गोळी घेऊन वहिनी सकाळी बाथरूममध्ये पडतात आणि दोष जातो बी-१२ला. स्ट्रिपच्या मागचा बारीक मजकूर वाचा, दिसत नसेल तर आम्हाला वाचायला लावा.

आणि बी-६. ‘नसांसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत ते भरघोस असतं. याची गंमत अशी, की फार काळ फार घेतलं तर बी-६ स्वतःच नसा बिघडवतं आणि लक्षण काय? मुंग्या, बधिरपणा. रोज दोन ग्रॅमच्या पुढं घेणाऱ्यांना चालणं अवघड झाल्याचं १९८३ मध्ये अमेरिकेत नोंदवलं गेलं. ते डोस अचाटच होते, पण युरोपातल्या तज्ज्ञांनी २०२३ मध्ये रोजची वरची मर्यादा १२ मिलिग्रॅमवर आणली आहे. मुंग्या वाढल्या म्हणून एकाच्या दोन गोळ्या करणाऱ्यांनी स्ट्रिपवर ‘पायरिडॉक्सिन’, म्हणजे बी-६, यासमोरचा आकडा बघावा.

तपासणी करायची असेल तर गोळी सुरू करण्याआधी करा. चार दिवस बी-१२ घेऊन मग रक्त दिलं की आकडा छान येतो आणि मूळ दुखणं झाकलं जातं.

मामांना आधी इंजेक्शनं, मग गोळी. अंगातली मरगळ पंधरवड्यात गेली. पायांच्या मुंग्या चार महिन्यांनी थांबल्या. डाव्या पायाच्या अंगठ्याचा बधिरपणा अजून आहे, तो कदाचित राहील. मागच्या गुरुवारी नरसोबाच्या वाडीला जाताना दुकानात आले, तेव्हा पायात मागं पट्टा असलेली सँडल होती. “नातवानं घ्यायला लावली,” म्हणाले, आणि पिशवीतून दुधाची किटली काढून काउंटरवर ठेवली. “डेअरीला घालायची हुती. म्हटलं आज न्हाई.”