खाणीतला मिथेन: हवेत सोडलेला आणि पेटवलेला

एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्या नाशिकरोडहून लांबूनही दिसतात. त्यामुळे कोळशाचं प्रदूषण म्हणजे चिमणीचा धूर, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. पण भूमिगत खाणीत कोळसा फोडतानाच, तो कुठल्याही भट्टीत जाण्याच्या कितीतरी आधी, मिथेन बाहेर पडतो. त्याला ना रंग, ना वास. त्याचं काय करायचं याची दोन उत्तरं नेहमी एकाच माळेत ओवली जातात: हवेत सोडून द्यायचा, किंवा जाळून टाकायचा. वायू दोन्हीकडे वायाच जातो, मग फरक तो काय, असं चांगले शिकलेले लोकही विचारतात. फरक खूप मोठा आहे.

मिथेन कोळशाच्या थरात दाबाखाली अडकलेला असतो. कोळसा काढला आणि मागचं छत कोसळलं की मोकळा होतो. हवेत त्याचं प्रमाण 5 ते 15 टक्क्यांच्या दरम्यान असलं की एक ठिणगी पुरते. 6 सप्टेंबर 2006 रोजी झारखंडमधल्या भाटडीह खाणीत अशाच स्फोटात 50 कामगार गेले. पूर्वी खाणीत सेफ्टी लॅम्पची ज्योत बारीक करून तिच्याकडे टक लावून बघत. ज्योतीवर फिकट निळी टोपी चढली की वायू आहे, आणि टोपी जितकी उंच तितका तो जास्त. आता त्या कामाला मीटर आहेत, आणि आपल्याकडे 1.25 टक्क्यांना माणसं मागे घ्यावी लागतात. तेव्हा वायू खाणीबाहेर काढायलाच हवा, यावर वाद होऊ शकत नाही. वाद आहे तो वर आल्यावर त्याचं काय करायचं, याचा.

आता हिशेब. 1 टन मिथेन तसाच सोडला, तर 100 वर्षांच्या मोजणीत तो जवळपास 30 टन कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. 20 वर्षांची मोजणी धरली तर 80 टनांहून जास्त, कारण मिथेन हवेत साधारण 12 वर्षंच टिकतो आणि त्याचा तडाखा सुरुवातीलाच बसतो. तोच 1 टन पूर्ण जाळला तर पावणेतीन टन कार्बन डायऑक्साइड तयार होतो. बस्स, एवढंच.

नाशिकच्या काही सोसायट्यांत आता पाइपने येणारा गॅस म्हणजे मुख्यतः हाच मिथेन (लाल सिलिंडरमधला वेगळा). बर्नर न पेटवता नॉब उघडा राहिला तर आपण धावत जाऊन खिडक्या उघडतो. पेटलेल्या बर्नरला कुणी घाबरत नाही. खाणीवर नेमकं उलटं होतं. ज्वाला दिसली की तक्रारी होतात, आणि शेजारच्या पाइपातून तितकाच वायू गुपचूप सुटत असला तरी कुणाला पत्ता नसतो.

ज्वालेवरचे आक्षेप मात्र उडवून लावण्यासारखे नाहीत. कागदावर ती 98 टक्के मिथेन जाळते असं धरतात. अमेरिकेतल्या तेलक्षेत्रांवर विमानातून मोजमाप झालं, आणि 2022 मध्ये प्रसिद्ध झालेला आकडा निघाला सुमारे 91 टक्के. काही ज्वाला तर विझलेल्याच होत्या. पण 91 धरले तरी 1 टनामागचा हिशेब 5 टनांच्या आसपास येतो, 30 च्या नाही. दुसरा आक्षेप आगीचा. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या वेस्ट एल्क खाणीच्या निचरा विहिरी (खाणीतला वायू ओढून काढायला वरून पाडलेली भोकं) राष्ट्रीय वनात आहेत, आणि कोरड्या जंगलात उघडी ज्वाला नको हे रास्तच आहे. त्यासाठी बंदिस्त ज्वालायंत्र असतं: आग उंच नळकांड्याच्या आत राहते, आणि ती उलटी पाइपात शिरू नये म्हणून ज्वालारोधक बसवतात. विहिरींसाठी रस्ते आणि झाडतोड होतेच, पण तेवढं नुकसान वायू नुसता सोडला तरी होतं.

याहून चांगलं म्हणजे त्याच वायूवर वीज काढणं. वेस्ट एल्कच्याच खोऱ्यातल्या एल्क क्रीक खाणीच्या मिथेनवर 2012 पासून 3 मेगावॅटचा प्रकल्प उभा राहिला. आपल्याकडे धनबादजवळच्या मुनीडीह खाणीतही असा प्रात्यक्षिक प्रकल्प झाला.

खरी गोम पुढे आहे. निचरा विहिरीतून येणारा वायू दाट असतो, म्हणून तो पेटतो. पण भूमिगत खाणींचा बहुतेक मिथेन या वाटेने येतच नाही. तो वायुवीजनाच्या मोठ्या पंख्यातून, हवेत 1 टक्क्याहूनही कमी इतका पातळ होऊन जातो, आणि त्याला काडी लावून काही उपयोग नाही. समजा पंखा सेकंदाला 200 घनमीटर हवा फेकतोय आणि तिच्यात मिथेन फक्त 0.4 टक्के आहे. दिवसाला सुमारे 46 टन मिथेन झाला! हा पातळ वायूही जाळता येतो. तापलेल्या सिरॅमिकच्या थरातून हवा फिरवतात, साधारण 1000 अंशांना मिथेन ज्वालेशिवाय जळतो, आणि त्याच उष्णतेवर पुढची हवा तापते. ऑस्ट्रेलियातल्या वेस्ट क्लिफ खाणीत 2007 मध्ये या उष्णतेवर 6 मेगावॅटचं जनित्र सुरू झालं. एकलहऱ्याचा एक संच 210 मेगावॅटचा, त्यापुढे हे किरकोळ वाटेल. पण खर्चिक असूनही मी या यंत्राच्या बाजूची आहे, कारण त्याची मुख्य कमाई मिथेन संपवण्यात आहे, वीज हा वरचा लाभ.

आपल्या खाण-सुरक्षेच्या मर्यादा टक्क्यांत आहेत, आणि कामगाराच्या जिवासाठी तेच बरोबर आहे. पण पंखा वाढवून जास्त हवा सोडली की टक्का उतरतो. वर जाणारे टन तेवढेच राहतात. चीनने 2008 मध्ये 30 टक्के किंवा त्याहून दाट निचरा-वायू हवेत सोडायला बंदी घातली, तेव्हा वायूत हवा मिसळून तो 30 च्या खाली आणण्याची पळवाट निघाली. म्हणून भारतातल्या वायुबहुल भूमिगत खाणींना पर्यावरण मंजुरी देताना पंख्याच्या आणि विहिरीच्या तोंडाशी रोजचा मिथेन टनांत मोजून जाहीर करण्याची अट असावी, आणि दाट वायू न जाळता सोडायचा असेल तर त्याचं कारण खाणीने लेखी द्यावं.